सेवाग्रामातील परचुरे शास्त्री : अनुपस्थित सोबत्याच्या विचारपुशीचा इतिहास

प्रस्तावना :

मराठी पत्रलेखनाच्या जुन्या रिवाजात ‘इकडील सर्व क्षेम, तिकडील खुशाली कळवीत जावी’ हा मजकूर ठरलेला असे. पत्राचा विषय घरचा असो, देण्याघेण्याचा असो की लग्नकार्याचा, ही ओळ सुटत नसे. दूर गेलेला माणूस अद्याप आपला आहे याची नोंद ती ठेवीत असे. उलट ज्याला समाजाने टाकले त्याला असे पत्र जात नसे. ‘चौकशी’ या शब्दालाही मराठीत दोन बाजू आहेत. आपुलकीने विचारपूस करणे ही एक आणि सरकारी तपास ही दुसरी. ‘समाचार घेणे’ या प्रयोगाचेही तसेच आहे. कुष्ठरोग्याच्या वाट्याला बहुधा दुसऱ्या अर्थाचीच चौकशी आली. वर्धा जिल्ह्याच्या विसाव्या शतकातील इतिहासात मात्र पहिल्या अर्थाची एक विचारपूस घडली. प्रस्तुत लेखात परचुरे शास्त्री यांच्या निमित्ताने तिचा विचार केला आहे.

येरवड्यातील पत्रव्यवहार :

४ जानेवारी १९३२ रोजी महात्मा गांधींना अटक होऊन त्यांची रवानगी येरवडा कारागृहात झाली. वल्लभभाई पटेल त्यांच्यासमवेत होते व मार्चमध्ये महादेव देसाईही तेथे आले. संस्कृतचे विद्वान असलेले परचुरे शास्त्री हे त्याच कारागृहात राजबंदी होते. ते कैद्यांमध्ये दिसत नाहीत, याचे कारण गांधीजींना कळले ते असे की, त्यांना कुष्ठरोग झाला असून त्यांना निराळे ठेवण्यात आले आहे. गांधीजींनी त्यांना भेटण्याची परवानगी मागितली, परंतु ती नाकारण्यात आली. तेव्हा एकाच तुरुंगाच्या भिंतींच्या आत असलेल्या या दोघांमध्ये पत्रव्यवहार सुरू झाला.

या घटनेकडे गांधीचरित्रातील एक हृद्य प्रसंग म्हणून पाहण्याची प्रथा आहे. तथापि तिचा सामाजिक अर्थ त्याहून व्यापक आहे. त्या काळी कायदाच या रोग्यांना समाजातून वेगळे काढणारा होता. १८९८ च्या कुष्ठरोगी अधिनियमाने निराधार कुष्ठरोग्यांना पकडून आश्रयस्थानात ठेवण्याचे अधिकार सरकारला दिले होते. नॉर्वेतील हॅन्सेन यांनी १८७३ मध्येच या रोगाचा जंतू शोधला होता. रोग पूर्वकर्माचे फळ नसून जंतुजन्य आहे हे त्यातून सिद्ध झाले. पण लोकमानसात पापाची कल्पना टिकून राहिली आणि तिला संसर्गाच्या भीतीची नवी जोड मिळाली, म्हणजे विज्ञानाने दिलेल्या ज्ञानाचा पहिला परिणाम रोग्याला अधिक दूर लोटण्यात झाला. शास्त्रीजी तर शास्त्रपरंपरेत वाढलेले. ज्या ग्रंथपरंपरेत या व्याधीचा संबंध पातकाशी जोडलेला आढळतो, तिच्याच अभ्यासकाला ती व्याधी जडावी यातील क्रौर्य वेगळे सांगावयास नको. अशा माणसाला त्याच्या प्रकृतीविषयी विचारणारी चिठ्ठी येणे ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

पत्ता व टपाल :

येथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. १९३४ नंतर गांधीजींचे वास्तव्य वर्ध्यात मगनवाडीत होते. ३० एप्रिल १९३६ रोजी ते वर्ध्यापासून सुमारे आठ किलोमीटरवरील सेगाव या खेड्यात राहावयास गेले. या गावाच्या नावामुळे टपालाचा मोठा घोटाळा होऊ लागला. वऱ्हाडात, बुलढाणा जिल्ह्यात, संत गजानन महाराजांचे शेगाव आहे. त्यामुळे आश्रमाची पत्रे तिकडे जात. अखेर १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम असे ठेवण्यात आले. हे नाव आदर्शवाचक आहे हे खरे, पण त्यामागचे एक कारण अगदी व्यावहारिक होते, ते म्हणजे पत्र योग्य जागी पोचावे. पुढे व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या काळात संपर्कासाठी दूरध्वनीही बसविण्यात आला. परंतु आश्रमाचा खरा आधार टपालच होते. कारावासात गेलेले, आजारी पडून गावी परतलेले, रुसून निघून गेलेले असे अनेक आश्रमीय पत्रांच्या धाग्याने जोडलेले राहिले. कोण किती तास झोपला, कोणाला बद्धकोष्ठता आहे, कोणाचे कातणे चुकले, असल्या गोष्टींनी गांधीजींची पत्रे भरलेली आहेत. आधुनिक वाचकाला हा तपशील कधी कधी जाच वाटेल, आणि तसे वाटण्यास जागाही आहे. विचारपूस व देखरेख यांतील रेषा त्या आश्रमात नेहमीच स्पष्ट नव्हती.

आगमन :

१९३९ मध्ये परचुरे शास्त्री स्वतःच सेवाग्रामास आले. रोग बळावला होता. आश्रमाच्या दारी आलेल्या या जुन्या सोबत्याला ठेवून घ्यावे की नाही, हा प्रश्न गांधीजींपुढे उभा राहिला. त्यांना स्वतःच्या प्रकृतीची चिंता नव्हती. चिंता होती ती आश्रमातील इतरांची, विशेषतः मुलाबाळांची. कारावासात पत्र लिहिणे सोपे होते असे नाही, पण पत्राने कोणाला संसर्ग होत नव्हता. आता विचारपुशीची किंमत दुसऱ्यांनी मोजावयाची होती. म्हणून त्यांनी हा प्रश्न आश्रमीयांपुढे ठेवला, आणि त्यांच्या संमतीने शास्त्रीजींना ठेवून घेण्याचे ठरले. गांधीजींच्या कुटीपासून जवळच त्यांच्यासाठी एक कुटी उभारण्यात आली.

त्यानंतर गांधीजी नियमाने त्यांच्या कुटीत जात, स्वतःच्या हाताने त्यांच्या अंगाला तेल चोळीत. त्या काळी या रोगावर चालमोगऱ्याच्या तेलापलीकडे फारसे औषध नव्हते. मालिशीने रोग बरा होतो असा कोणाचा दावा नसावा. पण ज्या शरीराला कोणी स्पर्श करीत नाही त्याला रोज होणारा स्पर्श हीच एक चिकित्सा होती. कनू गांधी यांनी टिपलेल्या छायाचित्रामुळे हे दृश्य देशभर परिचित झाले. प्रकृतीला उतार पडला तेव्हा शास्त्रीजी आश्रमीयांना संस्कृत शिकवू लागले. या तपशिलाकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. छायाचित्रात ते केवळ सेवेचे पात्र दिसतात, प्रत्यक्षात ते आश्रमाचे शिक्षकही होते. ज्याच्याकडून काही शिकावयाचे आहे अशा माणसाला दयेच्या चौकटीत फार काळ ठेवता येत नाही.

दत्तपूर :

शास्त्रीजींचे अखेरचे दिवस मात्र सेवाग्रामात गेले नाहीत. ते वर्ध्यानजीकच्या दत्तपूर येथील कुष्ठधामात गेले व तेथेच १९४५ मध्ये त्यांचे निधन झाले. हे कुष्ठधाम मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये विनोबा भावे यांच्या प्रेरणेने सुरू केले होते. कुष्ठसेवेचे काम तोवर प्रामुख्याने ख्रिस्ती मिशनांकडे होते. गांधीजींनी आपल्या रचनात्मक कार्यक्रमात कुष्ठरोग्यांच्या सेवेचा समावेश करताना दिवाणांच्या कार्याचा आवर्जून उल्लेख केला आहे. दत्तपूरला रोगी शेती करीत, सूत कातीत, म्हणजे खाऊन-पिऊन मृत्यूची वाट पाहण्याचे ते ठिकाण नव्हते.

तरीही प्रश्न उरतो. सेवाग्रामातून दत्तपूरला जाणे म्हणजे पुन्हा वेगळे काढले जाणेच नव्हे काय? त्याचे सरळ उत्तर देणे कठीण आहे. एका अर्थाने होय, कारण तेही रोग्यांचेच गाव होते. परंतु येरवड्यातील वेगळ्या कोठडीत आणि दत्तपुरात फरक होता. तेथे भेटीची बंदी नव्हती आणि माणूस कोठे आहे, कसा आहे हे त्याच्या सोबत्यांना ठाऊक होते. सेवाग्राम व दत्तपूर ही एकाच कार्यकर्त्यांच्या वर्तुळातील दोन ठिकाणे होती. शिवाय सार्वजनिक आश्रमात, जेथे देशभरातून माणसे येत-जात, तेथे अशा रोग्याने कायम राहण्यात अडचणी होत्या हेही मान्य केले पाहिजे. आश्रमाने पूर्ण उत्तर शोधले नाही, पण त्याने निदान नाते तोडले नाही.

घरोघरचा शोध :

ऑक्टोबर १९४७ च्या अखेरीस वर्ध्यात अखिल भारतीय कुष्ठसेवकांची परिषद भरली. गांधीजी दिल्लीत होते, त्यांनी संदेश पाठविला. त्यांच्या मृत्यूनंतर, १९५१ मध्ये, गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनची स्थापना झाली व तिचे केंद्र वर्ध्यातच राहिले. डॉ. वारदेकर यांच्या नेतृत्वाखाली या संस्थेने सर्वेक्षण, शिक्षण व उपचार या तीन अंगांची पद्धत विकसित केली. डॅप्सोन हे औषध तोवर उपलब्ध झाले होते. त्यामुळे रोग्याला गावाबाहेर नेण्याची गरज उरली नव्हती. मात्र औषध घेण्यासाठी रोगी सापडावयास हवा होता, आणि तो सापडत नसे, कारण घरचेच त्याला लपवीत. मागील खोलीतील सून, गोठ्याकडे निजणारा म्हातारा, शाळेतून अचानक गळालेली मुलगी यांच्याविषयी विचारले असता ‘गावी गेली’ असे उत्तर मिळे. म्हणून कार्यकर्त्यांना दारोदार जाऊन, विश्वास संपादन करून, दिसत नसलेल्या माणसाविषयी पुन्हा पुन्हा विचारावे लागे. १८९८ च्या कायद्यानेही रोगी शोधला जाई, पण तो हलविण्यासाठी. येथील शोध त्याला घरातच ठेवून बरा करण्यासाठी होता. पुढे ही पद्धत राष्ट्रीय कार्यक्रमाने स्वीकारली.

१९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आला आणि डिसेंबर २००५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोगाचे उच्चाटन झाल्याचे घोषित करण्यात आले. रोगी मात्र आजही आढळतात. १८९८ चा अधिनियम रद्द होण्यास २०१६ उजाडले. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणाऱ्या तरतुदी तर २०१९ मध्ये वगळण्यात आल्या, म्हणजे औषधाने रोगी बरा होऊ लागल्यानंतरही पती वा पत्नीस त्याला सोडून देण्याची कायदेशीर मुभा कित्येक दशके कायम होती. सेवाग्राम आश्रमात आज बापूकुटी पाहण्यास येणाऱ्यांना त्याच परिसरात परचुरे कुटीही दाखविली जाते.