स्टंटपट आणि पिटातला प्रेक्षक

आदिलाबाद जिल्ह्यातील उटनूर हे गाव भाषांच्या दृष्टीने मोठे नवलाचे आहे. तेथील डोंगरपट्ट्यात गोंडी बोलली जाते, कोलामी बोलली जाते, लमाणांची आपली बोली आहे. तेलुगू, मराठी आणि दखनी उर्दू यांचाही वावर आहे. 1956 पर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्यात होता, पुढे आंध्र प्रदेशात गेला आणि 2014 पासून तेलंगणात आला. राजवटी पालटल्या, तरी बोलींची ही गर्दी काही हटली नाही. या भागातल्या परधानांची घरची बोली मराठी. परंतु किकरीवर गज फिरवून आपल्या गोंड यजमानांच्या वीरकथा ते गातात त्या गोंडीत. अशा प्रदेशात पराक्रमाची गोष्ट सांगावयाची, तर सांगणाऱ्याला दोन भाषा तरी यावयासच हव्यात.

अशा श्रोत्यांना दुभाष्याची गरज न पडणारी वीरकथा विसाव्या शतकात निर्माण झाली. तिचे नाव स्टंटपट. शिष्टांनी तिला नेहमी उंबरठ्याबाहेर ठेवले, आणि पिटात बसणाऱ्या चार आण्यांच्या प्रेक्षकाने तिला डोक्यावर घेतले. या आवडीचे कारण प्रेक्षकाच्या अडाणीपणात शोधण्याची प्रथा जुनी आहे; ती सोयीची आहे, खरी मात्र नाही.

या कथेचा एक उगम कोल्हापुरात आहे. शाहू महाराजांच्या आश्रयाने हे शहर मल्लविद्येचे माहेरघर बनले होते आणि 1912 मध्ये खासबागेचे कुस्तीमैदान उभे राहिले होते. त्याच शहरात बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी चालू झाली आणि तिच्या ‘कल्याण खजिना’ या 1924 च्या मूकपटात विठ्ठल नावाचा एक मुलगा नर्तकीच्या भूमिकेत पडद्यावर आला. पुढे मुंबईस जाऊन तो मास्टर विठ्ठल झाला. तलवारीचे हात, घोडदौड, गच्चीवरून उडी ही त्याची मिळकत. लोक त्याला हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स म्हणत. तालमीच्या लाल मातीत वाढलेला प्रेक्षक त्याच्याकडे केवळ करमणूक म्हणून पाहत नसे. पवित्रा बरोबर पडला की चुकला, हे त्याला कळत असे. संगीताच्या मैफलीत जाणकार जशी सम हेरतो, तशी पिटातला माणूस उडी हेरत होता.

मग 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ झळकला आणि चित्रपटाला वाचा फुटली. नायक होते मास्टर विठ्ठल. त्यासाठी त्यांनी आपली आधीची कंपनी सोडली, करारभंगाचा दावा झाला आणि त्यांची बाजू बॅरिस्टर महंमद अली जीना यांनी मांडली. एवढा खटाटोप करून मिळविलेल्या या नायकाची हिंदुस्थानी वाणी मात्र पक्की नव्हती. तेव्हा कथेत त्याला बराच काळ गुंगीत ठेवण्यात आले! देशाच्या पहिल्या बोलपटाचा नायक जवळजवळ अबोल असावा, हा विनोद काळानेच केला.

परंतु त्यात एक खूणही होती. मूकपटातील पाट्या निरनिराळ्या लिप्यांत लिहिल्या, की तोच चित्रपट देशभर फिरत असे. बोलपटाने प्रेक्षकांची भाषावार वाटणी केली. त्या वाटणीतून बऱ्याच अंशी सुटला तो स्टंटपट. वाडिया बंधूंच्या 1935 च्या ‘हंटरवाली’तील नादिया ही ऑस्ट्रेलियात जन्मलेली, तिच्या उच्चारांकडे कोणी लक्ष दिले नाही, कारण चाबूक ती स्वतः चालवी आणि उड्याही स्वतःच मारी.

या साऱ्या परंपरेत मराठी माणसाला सर्वांत जवळचे नाव भगवान पालव यांचे. पुढच्या काळी लोक त्यांना भगवानदादा म्हणू लागले. 1913 चा जन्म, वडील गिरणीकामगार, स्वतःही मजुरी केलेली. मूकपटांच्या अखेरीस ते या धंद्यात शिरले आणि 1938 मध्ये ‘बहादूर किसान’च्या दिग्दर्शनात सहभागी झाले. पुढील दहा-बारा वर्षे त्यांनी एकामागून एक स्वस्तातले मारधाडपट काढले. कपड्यांची आखणी त्यांची, मंडळींच्या जेवणाची व्यवस्थाही त्यांचीच, आणि पासष्ट हजारांच्या आत सारा चित्रपट पुरा करावयाचा असा त्यांचा हिशेब असे. 1941 मध्ये त्यांनी ‘वनमोहिनी’ हा चित्रपट दिग्दर्शित केला, तो चक्क तमिळमध्ये. गिरणगावातला मराठी माणूस तमिळ बोलपट काढू शकला, याचे रहस्य पुन्हा तेच: ठोशाला व्याकरण नसते.

भगवानांचा नायक राजपुत्र नव्हता. तो बुटकासा, गोल चेहऱ्याचा, भोळसर माणूस. सावकार, गुंड किंवा मुकादम त्याला छळतो आणि शेवटी तो हात उगारतो. दिवसभर साच्यापुढे उभा राहून, मुकादमाचे बोलणे मुकाट्याने ऐकून आलेल्या माणसाला त्या हातात आपला हात दिसला, तर त्याला अडाणी कोण म्हणेल? शिवाय पैशाच्या अभावी येथे फसवणुकीला वाव कमी होता. उंची देखावे, कॅमेऱ्याच्या करामती परवडत नसत. म्हणून पडणारा माणूस खरोखर पडे. स्वस्त चित्रपटाचे भांडवल म्हणजे माणसाचे शरीर, आणि प्रेक्षकाला ते ठाऊक होते.

भांडवल म्हटले की झीज आलीच. 1942 मध्ये ‘जंग-ए-आजादी’च्या चित्रणात भगवानांनी ललिता पवारांना थप्पड मारण्याचा प्रसंग होता. हात अंदाजापेक्षा जोरात बसला. चेहऱ्याला अर्धांगवायू झाला, डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली, उपचारांत तीन वर्षे गेली. नायिका म्हणून त्यांची कारकीर्द तेथेच संपली. पुढे खाष्ट सासूच्या भूमिकांत तो अर्धवट मिटलेला डोळा साऱ्या देशाला परिचित झाला, आणि तो अभिनयाचाच भाग आहे असे कित्येकांना वाटत राहिले.

राज कपूर यांच्या सल्ल्यावरून भगवानांनी मारधाड सोडून 1951 मध्ये ‘अलबेला’ काढला. गीता बाली नायिका, संगीत सी. रामचंद्र यांचे. अफाट पैसा आला, जुहूला बंगला झाला, मोटारी झाल्या. पुढच्या चित्रपटांत ते सारे गेले आणि 2002 मध्ये दादरच्या चाळीत त्यांचे निधन झाले.

प्रेक्षक मात्र आपल्या जागी राहिला. 1962 च्या ‘किंग काँग’ने त्याला दारासिंग दिला. 1971 मध्ये थोड्या पैशात थायलंडमध्ये चित्रित झालेल्या ‘द बिग बॉस’मध्ये ब्रूस ली बर्फाच्या कारखान्यातला मजूर होता, चिनी भाषा न जाणणाऱ्या आपल्याकडील लोकांनी त्याला लगेच आपलासा केला, यात नवल ते काय? मालेगावच्या नासिर शेख यांनी आपल्या व्हिडिओगृहात हे असले चित्रपट दाखविता दाखविता स्वतःच चित्रपट काढावयास घेतले आणि 2000 च्या सुमारास यंत्रमागावरच्या माणसांना घेऊन सुमारे पन्नास हजारांत ‘मालेगाव के शोले’ उभा केला. पासष्ट हजारांचा जुना हिशेब रुपयाचे मोल इतके घटल्यावरही त्याहून खाली आणणारा माणूस निघाला!

मालेगावची ही धडपड निदान जतन झाली आहे. तिच्यावर 2008 मध्ये माहितीपटही निघाला. जुन्या स्टंटपटांचे तसे झाले नाही. त्यांच्या कचकड्याच्या फिती झटकन पेट घेणाऱ्या, आणि स्वस्त वस्तू जपून ठेवण्याची बुद्धी फारशा कोणाला झाली नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते 1964 मध्ये. तोवर पुष्कळ काही राख होऊन गेले होते. भगवानांचे ‘अलबेला’पूर्वीचे बहुतेक मारधाडपट आज पाहावयास मिळत नाहीत. मूकपटांतून वाचलेल्या मोजक्यांत मात्र 1931 चा ‘दिलेर जिगर’ हा अस्सल स्टंटपट आहे. दिग्दर्शक जी. पी. पवार. त्यात तलवारी खणखणतात त्या आवाजावाचूनच, आणि जेमतेम पंधरा वर्षांच्या ललिता पवार दोन्ही डोळे टक्क उघडे ठेवून कॅमेऱ्याकडे पाहतात.