सतरा जणांचे डोळे आणि भद्रावतीचा मग

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मध्यंतरी एका बगने जीव खाल्ला होता. त्याचीच गोष्ट सांगतो, पण जरा लांबच्या वाटेने. व्हाया हेमलकसा :)

आमची टीम टाईल्सच्या एका कारखान्यासाठी शेड सॉर्टिंगचं सॉफ्टवेअर लिहिते. पट्ट्यावरून ग्लेझ्ड फरशी येते, स्पेक्ट्रोफोटोमीटर तिच्यावर प्रकाश टाकतो आणि ४०० ते ७०० नॅनोमीटरमध्ये दर १० नॅनोमीटरला किती टक्के प्रकाश परत आला ते मोजतो. एका फरशीचे ३१ आकडे. त्यातून रंगाचे तीन आकडे निघतात. ठरलेल्या नमुन्यापासूनचा फरक, म्हणजे डेल्टा ई, १ च्या वर गेला की फरशी बाद.

आणि दुपारच्या पाळीत लाल फरशा धडाधड बाद व्हायला लागल्या. दोन आठवडे शिव्या माझ्या कोडला!

अशात लाँग वीकएंड आला आणि आम्ही चौघे नागपूरहून निघालो. चंद्रपूरच्या अलीकडे भद्रावतीला थांबलो. तिथे कृष्णमूर्ती मिरमिरांनी कुंभारांसाठी उभा केलेला ग्रामोदय संघ आहे. मी एक निळसर हिरवा मग घेतला. त्याच्या शेजारचा, त्याच भट्टीतला, जरा वेगळा दिसत होता. विचारलं तर उत्तर आलं, "भट्टीत कुठे ठेवला होता, त्यावर आहे." खरंच आहे ते. ग्लेझमधलं तांबं भरपूर हवेत हिरवं होतं, तर हवा कोंडली की लाल. मनात म्हटलं, आमच्या मशीनने दोन्ही मग बाद केले असते.

संध्याकाळी हेमलकसा. बाबा आमट्यांनी १९७३ च्या डिसेंबरात इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे इथेच राहिले. सुरुवातीची अनेक वर्षं वीज नव्हती. रात्री पिवळ्या बल्बखाली मग काढला तर रंग मळकट! सकाळी भामरागडच्या संगमावर त्याच मगात चहा घेतला, तर पुन्हा निळसर. एकदम मनात आलं, कंदिलाच्या उजेडात पेशंटच्या डोळ्यातली कावीळ कशी ओळखत असतील? पिवळ्या उजेडात पिवळेपणाच तर लपतो.

घरी आल्यावर वाचायला बसलो. १९२० च्या दशकाच्या अखेरीस विल्यम राईट आणि जॉन गिल्ड या दोघांनी इंग्लंडमध्ये वेगवेगळे प्रयोग केले. समोरच्या रंगाशी जुळेपर्यंत लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळायचा. राईटकडे १० माणसं, गिल्डकडे ७. या १७ जणांच्या सरासरीवरून १९३१ मध्ये 'प्रमाण निरीक्षक' ठरला. त्याच वर्षी प्रमाण दिवेही ठरले. त्यातला 'ए' म्हणजे तारेचा पिवळा बल्ब. मग एमआयटीच्या आर्थर हार्डीने परावर्तनाचा आलेख आपोआप काढणारं यंत्र बनवलं आणि १९३५ पासून जनरल इलेक्ट्रिकने ते विकायला आणलं.

म्हणजे मी ज्याला निर्विकार आकडा समजत होतो, त्याच्या पोटात १७ माणसांचे डोळे आणि एक ठरवून घेतलेला दिवा आहे. आमच्या मशीनमध्ये आजही.

खरी गंमत पुढे आहे. यंत्र बरोबर मोजतंय का, हे कशावरून ठरवायचं? कागद मळतो, रंग विटतो. म्हणून १९६० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश सिरॅमिक संशोधन संस्थेने रंगीत फरशांचा संच तयार केला. ग्लेझ्ड सिरॅमिकच! पुसली की पुन्हा तशीच. जी वस्तू मोजायची, तीच मोजपट्टी. पण या संचाबरोबर एक इशाराही असतो: लाल आणि नारिंगी फरशा तापल्या की रंग बदलतात. १० अंशांच्या फरकाने डेल्टा ई १ च्या आसपास जाऊ शकतो. थंड झाल्या की पूर्ववत.

हे वाचलं आणि लाईनवरचे मामा आठवले. पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते, "साहेब, लाल माल गरम असला की वेगळाच दिसतो." मी हसून विषय बदलला होता. त्यांच्या बोलण्यात आकडा नव्हता ना!

सोमवारी थर्मामीटर घेऊन गेलो. दुपारी भट्टीपासून मोजणीपर्यंतचा वेळ कमी पडत होता, फरशा पुरत्या निवत नव्हत्या. कोडमध्ये एक ओळही बदलावी लागली नाही. फक्त लाल माल अर्धा तास थांबवला.

मामांना सॉरी म्हटलं. ते म्हणाले, "अहो, चालायचंच." पण मला ते चालायचंच वाटत नाही. राईट आणि गिल्डने १७ जणांना काय दिसतं ते नीट विचारलं आणि लिहून ठेवलं, म्हणून आमचं मशीन चालतंय. मला एकालाच विचारायचं होतं, आणि तो तर आपणहून सांगत होता.

असो. भद्रावतीचा मग आता ऑफिसच्या डेस्कवर आहे. ट्यूबलाईटखाली त्याचा रंग तिसराच दिसतो.