हापशाचे पाणी

विज्ञानाने माणसाचे कल्याण झाले की अकल्याण, यावर आपल्याकडे पुष्कळ परिसंवाद झाले आहेत. यंत्रामुळे माणूस माणसाला पारखा झाला, खेड्यातला जिव्हाळा आटला, असे तिथे हटकून म्हटले जाते. हे ऐकले की मला आमच्या गावची विहीर आठवते. जिव्हाळा म्हणतात तो त्या विहिरीवर होताच. फक्त तो आमच्या वाट्याला आला नव्हता.

मंठा हे आज जालना जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. माझ्या लहानपणी जालना जिल्हाच नव्हता; तो १ मे १९८१ रोजी झाला. आमचा परतूर-मंठ्याचा मुलूख तेव्हा परभणीत मोडे. मंठ्याजवळच्या एका खेड्यात, गावाच्या उगवतीला आमचा महारवाडा. विहीर गावात. माझी माय घागर घेऊन विहिरीपासून दहा पावलांवर उभी राही आणि पाणी शेंदणाऱ्या बाईला म्हणे, "वाढा माय एवढी घागर." बाईच्या मनात आले तर ती वरून पाणी ओती, नाही आले तर माय उभीच. सकाळचा एक प्रहर असा जाई. माझी थोरली बहीण दुसरीतून शाळा सोडून त्याच कामाला लागली. तिला अक्कल नव्हती म्हणून ती शिकली नाही असे नव्हे. तिचा वेळ विहिरीने खाल्ला.

यंत्र आले आणि खेडे बिघडले म्हणणाऱ्यांनी जुन्या गावगाड्यातले यंत्रही एकदा नीट पाहावे. मोट हे आपल्या शेतीचे शेकडो वर्षांचे यंत्र. त्या मोटेचे कातडे कमावणारा ढोर, ती शिवणारा चांभार, तिचा नाडा आणि सोंदूर वळणारा मांग, विहिरीचा कातळ फोडणारा वडार. या सगळ्यांची विद्या एकत्र आली तेव्हा पाणी वर आले. कातड्याच्या मोटेतून आलेल्या पाण्यावर पिकलेले धान्य देवाच्या नैवेद्याला चालले. मात्र ज्या हातांनी मोट घडवली ते हात विहिरीला लागले की पाणी बाटत असे. तंत्र ज्यांचे, पाणी त्यांचे नाही, हा गावगाड्याचा नियम होता. म्हणून तंत्रज्ञान आणि माणसाचे सुख यांचा संबंध तपासायचा तर मधली जात वगळून चालत नाही.

हा नियम मोडण्याचा इतिहास आपणास ठाऊक आहे. जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव झाला. महाडच्या नगरपालिकेने तो मान्यही केला. तरी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी २० मार्च १९२७ उजाडावा लागला. त्यानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही घालून तळे 'शुद्ध' केले! जनावराच्या विष्ठेने पाणी शुद्ध होते आणि माणसाच्या स्पर्शाने बाटते, हे ज्या समाजाचे रसायनशास्त्र, त्याला विज्ञानाची किती निकड होती हे वेगळे सांगायला नको. तळ्याचा खटला मुंबई उच्च न्यायालयात १९३७ पर्यंत चालला आणि निकाल आपल्या बाजूने लागला. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट यांचा नावानिशी उल्लेख आहे. त्यामागे ही सारी तहान आहे.

आमच्या भागात संविधान आधी आले, पाणी मागाहून. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. विहिरी आटल्या. मराठवाड्याखाली काळा फत्तर; पाणी त्याच्या भेगांत. हाताने विहीर खणायला महिने लागत. हवेच्या दाबावर चालणारे बोअरचे यंत्र तेच छिद्र एक-दोन दिवसांत पाडी. आमच्या वाड्याजवळ असे यंत्र धडधडत आले आणि संध्याकाळी धुळीच्या जागी चिखल उडाला तेव्हा म्हातारी माणसे रडली.

पण छिद्र पाडल्याने भागत नाही. पाणी वर काढायला हापसा लागतो. तोवर बिडाचे जे हापसे बसवले जात, ते एका कुटुंबाच्या वापरासाठी बनलेल्या विलायती पंपांच्या नकला होत्या. शेकडो माणसे दिवसभर हापसू लागली की त्यांच्या खिळी झिजत, दांडे मोडत. चालू हापशांपेक्षा बंद हापसे अधिक, अशी गत होती. या अडचणीचे उत्तर ज्या ठिकाणी सापडू लागले, त्यात आमचे जालना आहे, हे आमच्याच पोरांना कोणी शिकवत नाही. १९७० च्या सुमारास जालन्याच्या स्कॉटिश मिशनच्या पाणीकामातील माणसांनी एकाच खिळीवर फिरणारा पोलादी दांड्याचा हापसा बनवला. 'जालना पंप' याच नावाने तो ओळखला गेला. त्यावरून सोलापूरचा पंप सुधारून निघाला आणि त्याच्या आधारावर, युनिसेफच्या साहाय्याने, 'इंडिया मार्क-दोन' तयार झाला. कोइमतूरकडे त्याची चाचणी झाली, १९७९ मध्ये त्याचे भारतीय मानक ठरले. त्याच्यावर कोणाची मक्तेदारी ठेवली नाही. कोणत्याही कारखान्याने बनवावा. पुढे तो लाखोंच्या संख्येने बसला, आफ्रिकेतल्या खेड्यांतही पोचला.

आमच्या वाड्यात हापसा बसला त्या दिवसापासून माय कोणाला 'वाढा' म्हणाली नाही. माझ्या धाकट्या बहिणीची शाळा सुटली नाही. ती पुढे शिक्षिका झाली. माणसाचे फुलणे म्हणजे काय, याची याहून मोठी व्याख्या मला सुचत नाही: दिवसातला एक प्रहर सुटतो आणि मान वर होते.

बाबासाहेबांनी हेच मांडले होते. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले याची झडती घेणाऱ्या १९४५ च्या ग्रंथात त्यांनी यंत्राची बाजू घेतली. पशूला पोट भरले की पुरते. माणसाला मनाची मशागत लागते. तिला फुरसत हवी, आणि यंत्रावाचून कष्टकऱ्याला फुरसत नाही. यंत्राने अनर्थ होत असेल तर दोष यंत्राचा नव्हे, त्याचा लाभ मूठभरांच्या हाती देणाऱ्या समाजरचनेचा. मजूरमंत्री असताना, १९४२ ते १९४६ या काळात, त्यांनी धरणे आणि वीज यांच्या धोरणात जे लक्ष घातले ते याच विचारातून.

आता या विचाराचा दुसरा भाग. हापशाच्या नळीत खाली एक दट्ट्या असतो, त्याला चामड्याची वाटी बसवलेली असे. ती झिजली की पाणी चढत नाही. आमचा चुलता पाना धरायला शिकला आणि आसपासच्या गावांचे हापसे दुरुस्त करू लागला. एका गावात त्याने वरच्या आळीचा हापसा उघडला, नळ्या उपसल्या, नवी चामड्याची वाटी स्वतःच्या हाताने बसवली. पाणी सुरू झाले. तो वळून निघाला तोच मागे बायांनी ओटा धुवायला घेतला. घरी येऊन तो हसत म्हणाला, "ओटा धुतला रे, पण वाटी कशी धुतील? पेतील तो थेंब न् थेंब तिच्यावरूनच वर येईल." आम्ही हसलो. माय हसली नाही.

चुलत्याचा विनोद खरा होता, पण पुरा नव्हता. हापसा अस्पृश्यता पाळत नाही, हापसणारा पाळतो. यंत्राने आम्हाला वेगळे पाणी दिले, एक पाणवठा दिला नाही. वाड्याचा हापसा वेगळा, गावाचा वेगळा, ही सोय झाली आणि महाडचा प्रश्न गावाने निवांतपणे मिटवून टाकला. तहान भागली, समता आली असे कोणी म्हणू नये. १९७८ मध्ये विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटल्या, तेव्हा आमच्या गावात दोन्ही हापसे उत्तम चालू होते.

आणि आज? वाड्याचा हापसा उभा आहे. दांडा खाली केला तर हवा येते. हा हापसा साधारण दीडशे फुटांपर्यंतचे पाणी उपसतो. ज्यांच्याजवळ जमीन आणि पैसा आहे त्यांनी शेकडो फुटांचे बोअर घेऊन विजेच्या मोटारी सोडल्या आणि पाणी हापशाच्या आवाक्याखाली नेले. सार्वजनिक पाणवठ्यापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेऊ नये, असा कायदा १९९३ मध्ये राज्याने केला होता. तो वाचलेला माणूस मला आमच्या गावात भेटलेला नाही. पूर्वी पाणी दिसत होते आणि घेता येत नव्हते. आता ते दिसतही नाही. मोटारीची कळ दाबणाऱ्याला आपण कोणाची घागर रिकामी केली हे कळायचीही गरज उरली नाही.

म्हणून यंत्राला शिव्या देणाऱ्यांच्या ओळीत मी उभा राहणार नाही. माझ्या घरातली पहिली शिक्षिका हापशाने घडवली आहे. पण यंत्र आले की माणूसपण आपोआप येईल म्हणणाऱ्यांच्या ओळीतही मी नाही. शिक्षकांना आणि कार्यकर्त्यांना माझे एवढेच सांगणे आहे: मुलांना पंपाचा दट्ट्या शिकवा, भूजलाची पातळी मोजायला शिकवा, आणि त्याच तासाला तो ५०० मीटरचा कायदाही वाचून दाखवा. मग पोरांना टेप देऊन वाड्याच्या हापशापासून अंतर मोजायला पाठवा. चवदार तळ्यावर आपण ओंजळ घेऊन गेलो होतो. आता टेप घेऊन जावे लागेल.