मांजराला तापाची गोळी का चालत नाही?

मांजराच्या अंगाला हात लावला, तर ते आपल्याला नेहमीच थोडे गरम लागते. त्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्यापेक्षा एक-दोन अंशांनी जास्त असते. त्यातून ते दिवसभर मलूल पडून असले, की घरातले कोणीतरी मायेने पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दुधातून पाजते. आपल्या घरातली ही नेहमीची गोळी मांजराच्या मात्र जिवावर बेतते. असे का व्हावे?

१८८६ साली स्ट्रासबर्ग येथे आर्नोल्ड कान आणि पाउल हेप हे दोन तरुण डॉक्टर जंतांवर नॅप्थलीन देऊन पाहत होते. औषधाच्या दुकानातून चुकून दुसरीच पूड आली आणि रुग्णाचा ताप उतरला! ती पूड ॲसिटॅनिलाइडची होती. तापावरचे औषध म्हणून तिचा प्रसार झाला. पण काही रुग्णांचे ओठ निळे पडू लागले. रक्तातल्या हिमोग्लोबिनचे मेथहिमोग्लोबिन होत होते, आणि ते ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही.

पॅरासिटामॉल तेव्हाही माहीत होते. १८९३ मध्ये फॉन मेरिंग यांनी ते रुग्णांना देऊन पाहिले. पण त्यानेही रक्त बिघडते असा त्यांचा समज झाला आणि ते मागे पडले. हा समज दूर व्हायला १९४८ साल उजाडले. न्यूयॉर्कमध्ये बर्नार्ड ब्रॉडी आणि ज्युलियस ॲक्सेलरॉड यांनी दाखवले, की ॲसिटॅनिलाइडचे शरीरात मुख्यतः पॅरासिटामॉल होते आणि गुण येतो तो त्याचाच. रक्त बिघडते ते वेगळ्या वाटेने तयार होणाऱ्या ॲनिलिनमुळे. १९५० च्या दशकात अमेरिकेत पॅरासिटामॉल विकले जाऊ लागले.

पण हा निर्वाळा होता माणसापुरता. आपले यकृत बरेचसे पॅरासिटामॉल ग्लुक्युरॉनिक आम्लाशी जोडून लघवीवाटे बाहेर टाकते. मांजराला हे नीट जमत नाही. त्यासाठी लागणाऱ्या एका विकराचे जनुकच त्याच्यात निकामी झालेले आहे, हे कोर्ट आणि ग्रीनब्लॅट यांनी २००० साली दाखवले. मांजराचे पूर्वज केवळ मांसाहारी. वनस्पतींतील विषे पचवण्याची त्यांना गरजच उरली नसावी, असा एक तर्क आहे. साठून राहिलेल्या औषधापासून घातक पदार्थ बनतात. मांजराचे हिमोग्लोबिनही अधिक नाजूक असते. परिणामी हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. म्हणजे ज्या दोषापायी माणसाने ॲसिटॅनिलाइड सोडले, तोच दोष मांजरात पॅरासिटामॉल दाखवते.

वर्गात मुलांना एक गणित घालून पाहा. ५०० मिलिग्रॅमची गोळी ५० किलोच्या माणसाला दर किलोमागे १० मिलिग्रॅम पडते; ४ किलोच्या मांजराला किती? उत्तर येईल १२५. मग मुले म्हणतील, गोळीचा बारीक तुकडा द्यावा. पण दर किलोमागे १० मिलिग्रॅम इतक्या मात्रेनेही मांजरांना विषबाधा झाल्याची नोंद आहे. तेव्हा हा प्रश्न नुसत्या भागाकाराने सुटत नाही, कारण फरक वजनाचा नसून शरीराच्या रसायनाचा आहे.

चुकून गोळी पोटात गेलीच, तर लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावे. ॲसिटिलसिस्टीन हा उतारा उपलब्ध आहे; पण तो वेळेत मिळाला तरच उपयोगी पडतो.