औषधाच्या नावातलं गाव

परवा आईचा औषधांचा डबा आवरत होते. दोन ट्यूब निघाल्या, नावं वेगळी, रंग वेगळे. आई म्हणाली, "ही सकाळची, ती रात्रीची." खालची बारीक अक्षरं वाचली तर दोन्हींत क्लोट्रिमॅझोलच! मोठ्या अक्षरातलं नाव कंपनीचं, बारीक अक्षरातलं औषधाचं. आणि आपण वाचतो ते मोठंच.

पण या बारीक नावांनाही इतिहास असतो बरं का. निस्टॅटिनचीच गोष्ट घ्या.

एलिझाबेथ हेझन न्यूयॉर्क शहरात, रेचल ब्राउन ऑल्बनीला. दोघी न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळांमध्ये. हेझनबाई मातीतले जंतू वाढवून बरणीत भरून टपालाने पाठवायच्या. ब्राउनबाई त्यातलं द्रव्य वेगळं काढून परत पाठवायच्या. बुरशी मारणारी बरीच द्रव्यं प्रयोगातल्या प्राण्यांनाही मारायची. शेवटी हवा तो जंतू सापडला व्हर्जिनियात, नूर्स नावाच्या स्नेह्यांच्या शेतातल्या मातीत. म्हणून तो स्ट्रेप्टोमायसिस नूर्सी.

१९५० साली शोध जाहीर झाला. औषधाला आधी 'फंगिसिडिन' म्हणत, पण ते नाव आधीच वापरात होतं. मग न्यूयॉर्क स्टेटवरून झालं निस्टॅटिन! १९५४ मध्ये स्क्विब कंपनीने ते 'मायकोस्टॅटिन' म्हणून बाजारात आणलं. पेटंटचे १ कोटी ३० लाखांहून जास्त डॉलर आले. दोघींनी स्वतःसाठी काही घेतलं नाही, सगळे संशोधनाला दिले. १९६६ च्या फ्लॉरेन्सच्या पुरानंतर भिजलेल्या चित्रांवरची बुरशी घालवायलाही हेच औषध वापरलं गेलं.

आणि आपली पिंपरी? १९५४ मध्ये सुरू झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधलं. ते ज्या जंतूपासून मिळालं त्याचं नाव, स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना! पिंपरीवरून गाडी कितीदा गेली असेल, पण गावाचं नाव असं लॅटिनात जाऊन बसलंय हे ठाऊक नव्हतं.

असो. डॉक्टरांना विचारून एक ट्यूब बंद केली. दुसरीवर मार्करने ठळक लिहिलं, क्लोट्रिमॅझोल. आई म्हणाली, "एवढं अवघड नाव कोण लक्षात ठेवणार?" म्हटलं, तूच. माझ्या सगळ्या मैत्रिणींची नावं आडनावांसकट पाठ आहेत ना तुला?