तीस टक्क्यांपासून शंभर टक्क्यांपर्यंत : स्कोडा नेमकी कोणाची?

३० मे २००० रोजी चेक प्रजासत्ताकातल्या स्कोडा मोटार कंपनीतले उरलेले ३० टक्के भाग जर्मनीच्या फोक्सवॅगनने घेतले आणि कंपनी शंभर टक्के जर्मन मालकीची झाली. कागदोपत्री मालकी बदलल्याची तारीख ही. पण कंपनीवरचा ताबा खरोखर त्या दिवशी गेला का? मला तसं वाटत नाही. तो आधीच गेला होता. तो कसा गेला, आणि जाताना चेक लोकांनी काय राखून ठेवलं, हे आज पाहायचं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८९५ साली म्लादा बोलेस्लाव या गावात वाक्लाव लाउरिन नावाचा मेकॅनिक आणि वाक्लाव क्लेमेंट नावाचा पुस्तकविक्रेता यांनी सायकली दुरुस्त करायला आणि बनवायला सुरुवात केली. असं सांगतात, की क्लेमेंटने आपल्या जर्मन बनावटीच्या सायकलीबद्दल चेक भाषेत तक्रार लिहिली, तर त्याला उत्तर आलं : आम्हाला कळेल अशा भाषेत लिहा. तेव्हा हा प्रदेश ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता आणि व्यापाराची भाषा जर्मन होती. मग यांनी आपली सायकल काढली. तिचं नाव ठेवलं ‘स्लाविया’. नावातच सगळं आलं.

१९०५ साली त्यांची पहिली मोटार आली. १९२५ मध्ये पिल्झेनच्या बलाढ्य स्कोडा कारखान्याने ही कंपनी स्वतःत सामावून घेतली. म्हणजे ‘स्कोडा’ हे नावसुद्धा आलं ते एका विलीनीकरणातून! पुढे नाझींनी देश ताब्यात घेतल्यावर कारखाना युद्धाच्या कामाला जुंपला गेला. १९४५ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं. मालक बदलणं या कारखान्याला नवं नव्हतं. फरक एवढाच, की १९९१ साली पहिल्यांदा निवडून आलेल्या सरकारने घासाघीस करून, अटी लिहून मालक निवडला.

आता १९९० सालात या. कम्युनिस्ट राजवट कोसळली होती. स्कोडाकडे ‘फेवरिट’ ही बऱ्यापैकी नवी गाडी होती, इटलीच्या बर्टोनेने तिचं रूप घडवलं होतं. पण पुढचं मॉडेल काढायला भांडवल नव्हतं आणि पूर्वेकडची हक्काची बाजारपेठ ढासळत होती. दोन मुख्य दावेदार उरले : फ्रान्सची रेनॉ आणि फोक्सवॅगन. रेनॉकडे गेलो तर इथे फ्रेंच गाड्या जोडल्या जातील आणि आपलं नाव हळूहळू पुसलं जाईल, ही भीती होती. फोक्सवॅगन म्हणत होती, स्कोडा हा आमच्या समूहातला स्वतंत्र ब्रँड राहील. डिसेंबर १९९० मध्ये सरकारने फोक्सवॅगनला कौल दिला. एप्रिल १९९१ मध्ये सुमारे ३० टक्के भाग तिच्याकडे गेले, आणि वाटा टप्प्याटप्प्याने वाढणार हेही ठरलं. बदल्यात अब्जावधी मार्कांच्या गुंतवणुकीचं वचन मिळालं.

इथून खरी गोष्ट सुरू होते. १९९३ साली फोक्सवॅगन स्वतःच मोठ्या तोट्यात गेली. स्कोडासाठी ठरलेलं सुमारे १.४ अब्ज मार्कांचं कर्ज तिने त्या वर्षी ऐनवेळी रद्द केलं आणि गुंतवणुकीचा आराखडा छाटला. प्रागमध्ये गदारोळ झाला. पण सरकार करणार काय? दुसरा भागीदार शोधायचा? तोवर नव्या गाडीचा सांगाडा, सुट्या भागांचे पुरवठादार, परदेशातली विक्री, सगळं जर्मनीशी बांधलं गेलं होतं. पुन्हा वाटाघाटी झाल्या. डिसेंबर १९९४ मध्ये फोक्सवॅगनचा वाटा ६०.३ टक्के झाला, वर्षभरात ७० टक्के. गंमत बघा : वचन कमी झालं आणि वाटा मात्र वाढत गेला! म्हणून मी म्हणतो, ताबा गेला तो १९९३-९४ च्या त्या कोंडीत. २००० साली फक्त हिशेब पुरा झाला.

मग चेक लोक फसले का? इतकं सोपं नाही. नाव टिकलं, पंखांच्या बाणाचं चिन्ह टिकलं, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे गाडीची रचना करणारा विभाग म्लादा बोलेस्लावमध्येच राहिला. जर्मन व्यवस्थापकाच्या जोडीला चेक व्यवस्थापक बसवण्याची पद्धत होती, त्यातून इथली माणसं तयार झाली. २००० साली कंपनीचे प्रमुख व्रातिस्लाव कुल्हानेक चेकच होते. १९९६ ची ‘ऑक्टाव्हिया’ ज्या सांगाड्यावर उभी राहिली, त्यावरची फोक्सवॅगनची स्वतःची गोल्फ दुसऱ्या वर्षी आली. १९९१ मध्ये सुमारे १ लाख ७२ हजार गाड्या बनवणाऱ्या कंपनीने २०१४ साली दहा लाखांचा टप्पा ओलांडला. उलट पिल्झेनचा मूळ स्कोडा उद्योग नव्वदच्या दशकात देशी व्यवस्थापकांच्या हाती राहिला आणि दशक संपता संपता कर्जाच्या गाळात रुतला. मालक आपला असला म्हणजे कारखाना वाचतो, असं नाही.

पण किंमतही मोजावी लागली. २०१७ मध्ये स्कोडाचं काही उत्पादन जर्मनीत हलवण्याच्या हालचालींची बातमी आली. कारण काय, तर स्कोडा घरातल्याच फोक्सवॅगनशी फार चांगली स्पर्धा करत होती. चेक कामगार संघटनेने ओव्हरटाइम बंद करण्याचा इशारा दिला, पंतप्रधानांनाही लक्ष घालावं लागलं. पण संचालक मंडळात बसून ‘नाही’ म्हणायला सरकारचा एकही भाग उरला नव्हता. शेवटचे ३० टक्के विकले, ते हेच विकलं.

हे आपण महाराष्ट्रात बसून का ऐकायचं? कारण या कहाणीचं एक टोक आपल्याकडे आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात स्कोडाचा कारखाना आहे, चाकणमध्ये फोक्सवॅगनचा. २०१८ साली समूहाने भारताची धुरा स्कोडाकडे दिली. म्हणजे चाकणच्या गाडीबद्दलचे निर्णय म्लादा बोलेस्लावमधून होऊ लागले, आणि त्या गावाचा मालक जर्मनीत! एकेकाळी ज्यांच्याबद्दल निर्णय होत होते, ते आता दुसऱ्यांबद्दल निर्णय घेतात. हे बळ त्यांना भागभांडवलाने दिलं नाही, ते तर त्यांनी विकून टाकलं. ते दिलं गाडीची रचना करण्याच्या त्यांच्या कसबाने.

म्हणून एखाद्या कारखान्याची मालकी बदलल्याची बातमी आली, की टक्के जरूर बघा. पण त्याआधी एक प्रश्न विचारा : पुढच्या गाडीचं पहिलं चित्र कुठल्या गावात काढलं जाणार आहे?