मेश जाळ्यांची वाटचाल

मेश टोपॉलॉजीत बहुतेक संगणकांना एकाहून अधिक शेजारी असतात, त्यामुळे एक वाट बंद पडली तरी दुसरी उरते. प्रत्येकाला प्रत्येकाशी थेट जोडले, तर ती पूर्ण मेश. तिचा खर्च मात्र पाहता पाहता आवाक्याबाहेर जातो: 4 संगणकांना 6 तारा पुरतात, 50 संगणकांना 1225 लागतात.

दूरध्वनीवाल्यांना ही अडचण फार आधी भेटली. सुरुवातीला फोन जोडीने दिले जात आणि दोहोंमध्ये स्वतंत्र तार असे. ग्राहक वाढल्यावर ते परवडेना. 1878 मध्ये अमेरिकेतील न्यू हेवन येथे 21 ग्राहकांचे एक्स्चेंज सुरू झाले आणि सगळ्या तारा एका ठिकाणी येऊ लागल्या.

या रचनेतला धोका शीतयुद्धात ठळक झाला. मोजकी एक्स्चेंज उद्ध्वस्त झाली, तर लष्कराचे दळणवळणच कोलमडणार होते. रँड संस्थेतील पॉल बॅरन यांनी 1960 च्या सुमारास यावर गणित मांडले. सगळी केंद्रे कशीबशी जोडायला जितक्या तारा पुरतात, त्यांच्या तीन-चार पट तारा टाकल्या तर जबर हल्ल्यानंतरही उरलेली बहुतेक केंद्रे एकमेकांशी बोलू शकतात, असे त्यातून दिसले. संदेशाचे तुकडे करावेत, प्रत्येकावर पत्ता लिहावा आणि पुढची वाट ज्या त्या केंद्राने ठरवावी, ही त्यांची योजना 1964 मध्ये अनेक खंडांत प्रसिद्ध झाली. एटी अँड टी या बलाढ्य दूरध्वनी कंपनीला ती पटली नाही. ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस स्वतंत्रपणे अशाच कल्पनेपाशी पोहोचले.

याच कल्पनेवर 1969 मध्ये उभे राहिलेले आर्पानेट हे अमेरिकेतील संगणकांचे जाळे अणुयुद्धासाठी बांधले, ही समजूत लोकप्रिय असली तरी चुकीची आहे. महागडे संगणक संशोधकांनी वाटून वापरावेत, हा त्यामागचा हेतू होता. पहिली केंद्रे चार: लॉस एंजेलिस, सांता बार्बरा, स्टॅनफर्ड आणि युटा. दुवेही चारच होते आणि युटा एकाच तारेवर लटकत होते. थोडक्यात, हे जाळे अपूर्ण मेश म्हणूनच जन्माला आले.

अशा जाळ्यात खरी कसोटी वाट शोधण्याची. आर्पानेटच्या पहिल्या पद्धतीत प्रत्येक केंद्र कोणते ठिकाण आपल्यापासून किती दूर आहे याचा तक्ता शेजाऱ्यांना देई. दुवा तुटल्याची बातमी त्यामुळे हळू पसरे. 1979 मध्ये पद्धत बदलली: प्रत्येक केंद्राने फक्त स्वतःच्या दुव्यांची स्थिती मोजावी आणि ती सगळ्यांना कळवावी. ताजी बातमी कोणती, हे तिच्या क्रमांकावरून ठरे. 27 ऑक्टोबर 1980 रोजी एका बातमीच्या क्रमांकातले काही बिट गळाले आणि 44, 40 व 8 अशा तीन प्रती फिरू लागल्या. क्रमांक 63 नंतर पुन्हा शून्यावर येत असल्याने 44 हा 40 हून नवा, 40 हा 8 हून नवा आणि 8 हा 44 हून नवा ठरत होता. केंद्रे या तिन्ही प्रती अखंड पुढे ढकलत राहिली आणि आर्पानेट काही तास ठप्प झाले. तार तुटली तर सावरणारे जाळे खोट्या बातमीपुढे हतबल ठरले.

तारांचा खर्च बिनतारी मेशने टाळला. 1970 च्या दशकात सॅन फ्रान्सिस्को परिसरात अमेरिकी संरक्षण खात्याने पॅकेट रेडिओचे, म्हणजे संदेशाचे तुकडे रेडिओवरून पाठवण्याचे, प्रयोग केले. पुढे वाय-फाय स्वस्त झाल्यावर बर्लिनमधील फ्रायफुंक, कॅटलोनियातील गिफी यांसारखी लोकांनी उभारलेली जाळी आली. मुलांसाठीच्या एक्सओ लॅपटॉपमध्येही मेशची सोय होती. रायगड जिल्ह्यातील खैरातच्या शाळेत 2007 मध्ये हे लॅपटॉप आले. वाय-फाय मेशचे मानक 2011 मध्ये मंजूर झाले. मात्र एकच रेडिओ घेण्यालाही आणि पुढे पाठवण्यालाही वापरला, तर प्रत्येक टप्प्यागणिक वेग घटतो.

आज घरासाठी मेश म्हणून विकल्या जाणाऱ्या संचांत इंटरनेटची सारी वाहतूक शेवटी एकाच राउटरमधून जाते. तो बंद पडला की घरभरचे इंटरनेट बंद. बॅरन यांच्या अर्थाने ती मेश नव्हेच.